बाईसाहेबांना जंताचं औषध

काटेवाल्यानं सकाळी साडेनऊला ठरवलं, औषध आपणच द्यायचं. एवढंच. माणसं याहून मोठ्या गोष्टी ठरवतात आणि निभावून नेतात. लग्न ठरवतात, घर बांधायचं ठरवतात. याला एका शेळीला घोटभर औषध पाजणं निभावलं नाही, आणि जेवायच्या वेळेपर्यंत प्रकरण सरकारी कागदावर चढलं.

त्याला सगळे काटेवाला म्हणतात, कारण अडतीस वर्षं तो धान्याच्या गोदामासमोर ट्रकच्या वजनकाट्यावर बसला. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा लिहायचा. माल उतरला की रिकामा ट्रक घ्यायचा, आकडा लिहायचा. भरलेल्यातून रिकामा वजा केला की उरतो तो माल. यात शिकण्यासारखं काही नाही, आणि काटेवाला शाळेत फारसा गेलाही नव्हता. पण त्याला वाटायचं की जग याच एका वजाबाकीवर उभं आहे. एखादा ड्रायव्हर आळसानं गाडीतच बसून राहिला तर हा खिडकीतून ओरडायचा, "ड्रायव्हर खाली उतर! तुझं वजन धान्यात धरू काय?" ड्रायव्हर शिव्या देत उतरायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला न्हाणीघरात ठेवतात तसला, पायाखाली घ्यायचा छोटा वजनकाटा भेट दिला. सगळे हसले. काटेवालाही हसला. (ती चेष्टा होती हे त्याला अजून कळलेलं नाही.)

आणि बाईसाहेब म्हणजे शेळी. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चालण्यात असा तोरा की मागून शिपाई फायली घेऊन येतोय असं वाटावं. तिची आई ती दोन दिवसांची असताना गेली. काटेवाल्याच्या बायकोनं ते पिल्लू स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवलं, बाटलीनं दूध पाजलं, रात्री तीनतीनदा उठली. नाव बाईसाहेब तिनंच ठेवलं. तेव्हापासून घरात बाईसाहेबांचा मान पहिला. दुसरा मान कोणाचा ते अजून ठरायचं आहे.

बायको चार दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आज चारच्या बसनं ती परत यायची होती. जाताना उंबऱ्यात उभं राहून ती म्हणाली होती, "बाईसाहेबांना काही झालं तर..." आणि पुढचं न बोलता गेली. चार दिवस काटेवाला ते वाक्य पुरं करून बघत होता. जितक्या प्रकारांनी पुरं होत होतं, त्यातला एकही प्रकार त्याच्या सोयीचा नव्हता.

कारण त्याची बायको भांडत नाही. भांडणारी बायको परवडली, तासाभरात मोकळी होते. ही गप्प बसते. दोन वर्षांपूर्वी तिच्या भावानं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ "जरा साफ करतो" म्हणून यानं उघडलं, आणि बंद केलं तेव्हा चार चाकं बाहेर उरली. त्यावर ती चौदा दिवस बोलली नाही. त्या चौदा दिवसांत जे काही सांगायचं ते ती शेळीला सांगायची. "बाईसाहेब, त्यांना म्हणावं ताट वाढलंय." "बाईसाहेब, त्यांना म्हणावं नळाला पाणी आलंय." हा जेवायचा, बादल्या भरायचा. शेळी मध्ये नसती तर उपाशीच मेला असता.

तर आज सकाळी गोठ्याचा पत्रा बाजूला करून तो झाडायला गेला, आणि बाईसाहेबांच्या लेंड्यांत त्याला काहीतरी लांब, पांढरं, बारीक दिसलं.

जंत!

बायकोच्या माघारी बाईसाहेबांना जंत झाले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईला बोलवावं तर ती बायकोची ओळखीची. आज नाही तर उद्या सांगणारच. मग त्याला आठवलं, कपाटात मागच्या वर्षीची जंताच्या औषधाची बाटली आहे. गुपचूप पाजायचं, जंत गुपचूप जातील, चारला बायको येईल, कुणाला काही कळायचं नाही. त्यानं तो जंत पुरावा म्हणून काडेपेटीत घालून खिशात ठेवला. (पुरावा कुणाला दाखवायचा होता, ते त्यालाच ठाऊक. ज्याला लपवायचं असतं तो पुरावा जपत नाही.)

बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक होती की लिहिणाऱ्यालाच ती कुणी वाचू नयेत असं वाटत असावं. चष्मा लावून, तो वर ढकलून, मग काढून, शेवटी उन्हात नेऊन त्यानं वाचलं. वजनाच्या दर पाच किलोला एक मिली.

वजन! काटेवाल्याची छाती दोन इंच फुगली. याला म्हणतात नशीब. जगातला दुसरा कुणी अंदाजानं औषध ओतेल. इथं अडतीस वर्षांचा हात आहे.

त्यानं पायाखालचा काटा अंगणात फरशीवर ठेवला. बाईसाहेब त्यावर उभ्या राहिनात. दोन पाय काट्यावर ठेवले की दोन खाली, मागचे चढवले की पुढचे उतरत. शेवटी त्यानं त्यांना दोन्ही हातांनी कवटाळून उचललं आणि स्वतःच काट्यावर चढला. आता शेळीच्या पोटाआड आकडा दिसेना.

भिंतीपलीकडे शिंपी बनियनवर बसून काजं करत होता. दाराशी उजेडात बसायची त्याची सवय, आणि शेजाऱ्याच्या अंगणात बघायचीही.

"ए शिंपीबुवा, जरा आकडा वाच की!"

शिंप्यानं भिंतीवरून मान लांब केली. "एकशे दोन."

"नीट बघ."

"एकशे दोन. शेळी हलतेय, पण काटा तिथंच आहे."

"जरा जास्त वाटतंय का रे?"

"वहिनी चारतात केवढं!" शिंपी म्हणाला.

हे काटेवाल्याला पटलं. एकानं जन्मभर वजनं केली, दुसऱ्यानं जन्मभर मापं घेतली. दोघांचा मिळून ऐंशी वर्षांचा अनुभव त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभा होता, आणि त्यातला एक दिवसही कामाला आला नाही.

एकशे दोन भागिले पाच. वीस पूर्णांक चार. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं त्यानं दोनदा दहा-दहा मिली पाजलं, आणि तिसऱ्यांदा ते पूर्णांकानंतरचं चार. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं, तर यानं जबडा धरून तेही आत सोडलं. हिशोबात ढिलाई त्याला आवडत नाही.

वीस मिनिटं गेली. काटेवाला चहा घेऊन पायरीवर बसला. मग त्याला वाटलं, बाईसाहेब काहीतरी चघळतायत. जवळ जाऊन बघतो तर तोंडात काही नव्हतंच, आणि ओठांवर साबणासारखा पांढरा फेस. मग कान थरथरू लागले. मग पाय. मग पाठीवरची सगळी कातडी, वाऱ्यानं पाणी हलावं तशी.

"शिंपीबुवा!" त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

शिंपी भिंतीवरून उडी मारून आला. (दारानं आला असता तर लवकर आला असता. लुंगी अडकली.)

"अरे बाप रे! रिअॅक्शन!"

"काय?"

"औषधाची रिअॅक्शन आली हिला. आमच्या मेव्हण्याला आली होती. थांबा, गोडं तेल आणतो, पाजू."

"मेव्हण्याला तेलानं बरं वाटलं?"

"नाही. पण घरात तेल होतं."

त्यानं बाटली पुन्हा उन्हात धरली. अगदी तळाला लिहिलं होतं, औषधाचा विपरीत परिणाम दिसल्यास या नंबरवर कळवा. आणि त्याच्या डोक्यात एक घाणेरडा विचार आला. घाबरलेल्या माणसाला असेच येतात. औषधच खराब निघालं तर? तर आपली चूक नाही. बायको कंपनीशी बोलणं बंद करेल.

त्यानं फोन लावला. आधी फोनात गाणं वाजलं, मग एक दाबा, मग दोन दाबा. घाबरलेल्या माणसाला आकडे दाबायला लावू नयेत, एवढी अक्कल यांना कुणी शिकवलेली नसते. शेवटी एक बाई बोलली, शांत, शाळेच्या बाईसारखी.

"नमस्कार. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचा कक्ष. बोला काका, काय त्रास होतोय?"

"मला नाही हो! आमच्या बाईसाहेबांना जंताचं औषध दिलं. आता तोंडाला फेस आलाय."

"घाबरू नका. बाईसाहेब तुमच्या कोण?"

"बायकोच्या आहेत."

"म्हणजे सासूबाई?"

"नाही, नाही! बायकोनं बाटलीनं दूध पाजून वाढवलंय."

"बरं, मुलगी. शुद्धीवर आहे का?"

"आहे. दोरी चावतेय."

"काका, तुम्ही तिला बांधून ठेवलंय?"

"मग? सोडली की शिंप्याच्या घरात शिरते."

"काका," बाईंचा आवाज एकदम कडक झाला, "तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगा."

"पत्ता कशाला? अहो, तिचे चारही पाय लटपटतायत, तुम्ही पत्ता काय विचारताय!"

"चारही?"

"शेळीला किती असतात?"

बाईंनी सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. मग त्यांनी भराभर विचारायला सुरुवात केली. कानातल्या बिल्ल्याचा नंबर? काटेवाल्यानं पिवळा बिल्ला धरून बारा आकडे खणखणीत वाचले. औषध कोणी दिलं? "मी. मालकिणीचा नवरा." औषधाबद्दल तक्रार आहे? "आहेच! भेसळ आहे! लिहा, ठळक लिहा!"

"वय?"

"तीन वर्षं."

"वजन?"

"एकशे दोन किलो."

पलीकडे चाललेली टायपिंगची खटखट थांबली.

"काका, शेळीच आहे ना? म्हैस नाही ना?"

"बाई, मी अडतीस वर्षं वजनकाट्यावर होतो. वजनाबद्दल मला विचारायचं नाही."

"बरं. कसं केलंत वजन?"

"कसं म्हणजे? काट्यावर राहत नव्हती, म्हणून उचलून घेतली आणि मी उभा राहिलो."

"आणि मग तुमचं वजन वजा केलंत ना?"

काटेवाल्यानं मान वळवून फरशीकडे पाहिलं.

अंगणात सगळं जसंच्या तसं होतं. वाळत घातलेली चादर, नळाखालची बादली, फरशीवर तो काटा. अडतीस वर्षं तो खिडकीतून ओरडत आला होता, ड्रायव्हर खाली उतर. आज काट्यावर ड्रायव्हर तोच होता आणि खाली उतरवणारं कुणी नव्हतं.

"काका? तुमचं वजन किती?"

"सत्तर," तो इतका हळू म्हणाला की शिंप्यानं कानाला हात लावला.

"म्हणजे शेळी बत्तीस किलोची. द्यायचं होतं साधारण साडेसहा मिली, तुम्ही दिलंत वीस. तिप्पट डोस गेलाय."

"वीस पूर्णांक चार," काटेवाला म्हणाला. सवय.

शिंपी मटकन पायरीवर बसला. "काटेवाले, माझं माप चुकलं तर मी गिऱ्हाइकाकडून कापड वाढवून घेतो. तुम्ही शेळीच वाढवून घेतलीत!"

"बाई," काटेवाला फोनात म्हणाला, "ती तक्रार मागे घ्या."

"काका, ही तक्रार नाही, नोंद आहे. नोंद मागे घेता येत नाही. तिला सावलीत ठेवा, पाणी जवळ ठेवा, तोंडात काहीही ओतू नका."

शिंप्यानं तेलाची बाटली पाठीमागे लपवली.

"तुमच्या इथल्या जनावरांच्या दवाखान्याला मी कळवलंय. पुढचे दोन-तीन तास महत्त्वाचे. आणि बिल्ल्यावर ज्यांची मालकी आहे त्यांच्या फोनवर नोंदीचा मेसेज आपोआप जातो."

"कुणाच्या फोनवर?"

पण फोन बंद झाला होता.

बिल्ला कुणाच्या नावावर आहे हे त्याला माहीत होतं. बिल्ला लावला तेव्हा हाच शेळीचं डोकं धरून उभा होता, आणि बायकोनं कागदावर सही केली होती. त्याच्या कपाळावरून घामाची धार नाकावर आली. बाईसाहेब थरथरत होत्या, आणि आता तोही. दोघांत फरक करायचा तर शिंगं मोजावी लागली असती.

फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव. तीनदा वाजेपर्यंत त्यानं वाट पाहिली, चौथ्याला उचलला.

"अहो."

"हं."

"काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

"बाईसाहेब?"

"त्यापण बसल्यात." हे खरं होतं. बाईसाहेबांनी तेवढ्यात पुढचे गुडघे टेकले होते.

मागे बसची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी सुटे मागत होतं. बायको सावकाश वाचू लागली. "आपल्या जनावरास औषधाचा विपरीत परिणाम झाल्याची नोंद झाली आहे. जनावर, शेळी. लक्षणे, फेस आणि थरथर. औषध देणारी व्यक्ती, पती." ती थांबली. "पती म्हणजे कोण?"

"अगं, ते..."

"मला एकच आहे ना?"

"अगं, ऐक तरी, मी मुद्दाम..."

"पोचते."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. काटेवाल्याला तो एक शब्द बराच वेळ कानात ऐकू येत राहिला. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्यानं देवाला हात जोडले असते.

त्यानं बाईसाहेबांना ओढत पत्र्याच्या सावलीत नेलं. आता त्या आडव्या झाल्या. मान त्याच्या मांडीवर, डोळे अर्धे उघडे, आणि त्या आडव्या बाहुल्यांत त्याला स्वतःचं तोंड एवढंसं दिसत होतं. तो श्वास मोजू लागला. मोजायची त्याला सवय होती, पण आकडा पुढे जाईना. दहाला पोचला की वाटायचं, अकरावा येणार नाही. यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. फेस पुसायला त्यानं दोरीवरचा पंचा घेतला, तो भिजला, मग आपला सदरा काढला.

"बाईसाहेब," तो म्हणाला. त्यांच्याशी तो आजवर सरळ बोललाच नव्हता. त्या निरोप आणायच्या, तो ऐकायचा. "बाईसाहेब, मरू नका. तुम्ही गेलात तर ती माझ्याशी कुणाच्या तोंडून बोलणार?"

हे म्हणताना त्याच्या लक्षात आलं की भीती निराळीच आहे. चौदा दिवसांची नाही. त्या वेळी घड्याळाची चाकं होती. ही त्या बाईनं रात्री उठूनउठून जगवली होती. त्या महिन्यात तिच्या हाताला दुधाचा वास यायचा आणि ती हसत असायची. आता ती दारात येईल, बघेल, आणि गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्याला चौदावा दिवस नसेल.

शिंपी समोर उकिडवा बसला होता. "काटेवाले, वहिनींना सांगू या, साप चावला."

"मेसेजात औषध लिहिलंय, मूर्खा."

"सापाला औषध चावलं म्हणून..." तो स्वतःच थांबला. त्याचीही बोबडी वळली होती. आकडा वाचणारा तोच होता, आणि हे आपल्या नावावर चढतंय की काय म्हणून तो मधूनमधून बाटलीवर बारीक अक्षरं शोधत होता.

दोन वाजता डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आली. वयानं नातीएवढी, हातात पेटी. तिनं बाईसाहेबांची नाडी पाहिली, डोळ्याची पापणी वर केली, पोटाला नळी लावली, एक इंजेक्शन दिलं. काटेवाला तिच्या तोंडाकडे असा बघत होता की ती वैतागली.

"आजोबा, तुम्ही जरा लांब बसा. इतकं कण्हू नका, शेळी घाबरतेय."

"मी कण्हतोय?"

"शेळी तर काही बोलत नाहीये."

"वाचेल ना?"

"फेस कमी झालाय. तासा-दोन तासांत उठली तर धोका टळला." तिनं घड्याळ पाहिलं. "पण औषध दिलंत कशाला? मी मागच्या महिन्यातच तपासून गेले होते. जंत नव्हते हिला."

काटेवाल्याला वाटलं, निदान एवढी तरी बाजू आपली आहे. त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि दोन बोटांत ती पांढरी बारीक वस्तू धरून पुढे केली. "मग हे काय?"

डॉक्टरीणबाईनं ती उन्हात धरली, ताणली, शिंप्याकडे दिली. शिंप्यानं बोटांत फिरवली.

"चाळीस नंबरचा दोरा," तो म्हणाला. "पांढरा. परवा हिनं माझं रीळ खाल्लं होतं."

काटेवाल्यानं रिकामी काडेपेटी बंद केली. डॉक्टरीणबाई पेटी बंद करताना मान खाली घालून खांदे हलवत होती, ती रडत नव्हती हे नक्की. "काही वाटलं तर फोन करा," म्हणून ती गेली. शिंपीही "काजं राहिलीत" म्हणून गेला, या वेळी दारानं.

चार वाजून दहा मिनिटांनी फाटक वाजलं.

बायकोनं पिशवी पायरीवर टाकली, चपला न काढता थेट गोठ्यात आली. उघड्या अंगानं बसलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. बाईसाहेबांचं डोकं त्याच्या मांडीवरून उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्यांच्या कानाच्या मुळाशी खाजवू लागली. "काय झालं गं माझ्या बाईला? एकटी सोडून गेले ना मी तुला?"

"अगं, मी होतो की..." काटेवाला म्हणाला.

"बाईसाहेब," बायको म्हणाली, "त्यांना म्हणावं, आत जा."

सुरू झालं. काटेवाला उठला. गुडघे वाजले. तो आत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला, गजांना धरून, कैद्यासारखा. पाच मिनिटं गेली. सात. बायको काहीतरी पुटपुटत होती, ते त्याला ऐकू येत नव्हतं. मग बाईसाहेबांनी मान उचलली. मग पुढचे पाय लावले, एकदा घसरल्या, पुन्हा लावले, आणि उभ्या राहिल्या. अंग असं झाडलं की कान फटफट वाजले. आणि बायकोच्या पिशवीतून बाहेर आलेलं बसचं तिकीट त्यांनी खाऊन टाकलं.

काटेवाला खिडकीपाशीच खाली बसला आणि पालथ्या हातानं डोळे पुसू लागला. त्याला कुणी बघत नव्हतं, म्हणून त्यानं नीट पुसले.

बाहेर बायकोचा फोन वाजला. हात शेळीत गुंतलेले, म्हणून तिनं तो मोठ्या आवाजावर लावून बादलीवर ठेवला. सकाळच्याच बाई होत्या, नोंद पुरी करायला दोन प्रश्न राहिले होते म्हणे.

"कशी आहे आता शेळी?"

"उठली. खाल्लं पण."

"छान. पहिला प्रश्न. ज्या गोष्टीमुळे त्रास झाला असा संशय आहे, ती बंद केल्यावर सुधारणा झाली का?"

बायकोनं जरा विचार केला. "औषध तर एकदाच दिलं होतं हो. पण ज्यांनी दिलं ते सकाळपासून हिला चिकटून बसले होते. त्यांना आत पाठवलं, आणि दहा मिनिटांत ही उठली."

"म्हणजे संशयित घटक दूर केल्यावर सुधारणा." खटखट. "झाली, असं लिहिते. दुसरा. तोच घटक पुन्हा दिल्यावर त्रास पुन्हा होतो का?"

"ते नाही पाहिलं," बायको म्हणाली. "थांबा हं. अहो! जरा बाहेर या बघू!"

काटेवाला ताडकन उठला. हाक! तिच्या तोंडची, सरळ, मध्ये शेळी नाही. "अहो" म्हणाली! चौदा दिवस नाहीत, चौदा मिनिटंसुद्धा नाहीत! काय बोलावं, कशी माफी मागावी, ते वाटेत ठरवत तो उंबरा ओलांडून अंगणात आला, दोन्ही हात पुढे करून.

बाईसाहेबांनी त्याला पाहिलं. त्यांचे चारही पाय एकदम ताठ झाले, आणि त्या होत्या तिथं धपकन खाली बसल्या.

"लिहा बाई," बायको फोनकडे वाकून म्हणाली. "होतो."

"बरं, नोंद पुरी झाली. आणि उरलेला घटक," बाई सवयीनं म्हणाल्या, "लहान मुलांच्या आणि जनावरांच्या समोर येणार नाही असा, कोरड्या जागी ठेवा."

बायकोनं नुसतं वर पाहिलं. काटेवाला कुणी न सांगता आत गेला, आणि त्यानं दार आपल्या हातानं लावून घेतलं.